उकळलेली अवजारे आणि दंतवैद्याकडची ‘कावीळ’

‘अवजारे उकळत्या पाण्यातून काढली की दात काढताना कावीळ लागत नाही’, हा समज फोंडा-डिचोलीकडे जुन्या पिढीत अजून ऐकू येतो. त्यात दोन गफलती आहेत.

पहिली नावाची. सगळ्याला ‘कावीळ’च म्हटले जाते; पण दूषित पाण्यातून व अन्नातून पसरते ती मुख्यतः हिपॅटायटिस (विषाणूंमुळे होणारी यकृताची सूज) ए किंवा ई. दंतवैद्याच्या खुर्चीत धोका असतो तो रक्तातून पसरणाऱ्या बी आणि सी या प्रकारांचा, आणि त्यांची लागण झालेल्या अनेकांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. म्हणून ‘तुम्हाला कावीळ झाली होती का?’ एवढे विचारून भागत नाही. प्रत्येक रुग्ण संसर्गित असू शकतो असे धरूनच काम करावे लागते.

दुसरी गफलत उकळण्याची. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस तग धरतो, आणि १०० अंशांच्या पाण्यात जिवाणूंचे चिवट बीजाणू (कठीण कवचातली सुप्त रूपे) मरतीलच असे नाही. ऑटोक्लेव्ह या निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात दाबाखालची वाफ १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे द्यावी लागते, तीही अवजारे आधी घासून स्वच्छ केल्यावर, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ नीट पोहोचत नाही. दात कोरणाऱ्या हँडपीसच्या आतल्या नळीतही लाळ-रक्त ओढले जाते. तो नुसता स्पिरिटने पुसणे म्हणजे निव्वळ समाधान.

निर्जंतुक केलेल्या अवजारांचे बंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच नको. त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला दिसला, तर पाकीट ऑटोक्लेव्हमधून गेले आहे. निर्जंतुकीकरण पुरे झाले की नाही, हे मात्र वेगळ्या चाचण्यांनीच कळते.