सुरू होतानाच्या ओळी पुसल्या जात नाहीत

लिनक्स सुरू होताना पडद्यावरून सरसर जाणाऱ्या ओळी एकदा गेल्या की गेल्या, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा, हा सल्ला सांगलीत मी कित्येक वर्षं ऐकतोय. विश्रामबागच्या एका क्लासमध्ये तर मुलं अजूनही मोबाइल रोखूनच मशीन चालू करतात. पण त्या ओळी जात नाहीत. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या मेमरीतल्या एका ठरावीक आकाराच्या जागेत लिहून ठेवतं. मशीन चालू झाल्यावर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो डीमेसेज' द्या (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं; डीमेसेजची डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं), सगळं समोर येतं. पुढे '>' चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं की जपून राहतं. ती जागा भरली की जुन्या ओळींवर नव्या चढतात, म्हणून उशीर नको.

परवा मिरजेच्या मित्राचं मशीन अडखळत होतं. व्हिडिओत नुसती धूसर अक्षरं. डीमेसेजमध्ये मात्र 'एसडीए' या डिस्कच्या नावापुढे 'आय/ओ एरर', म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली चूक, पुन्हापुन्हा. आधी बॅकअप घेतला, मग डिस्क बदलली.

मशीनवर सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर 'जर्नलसीटीएल -बी' या वेळच्या, '-बी -१' मागच्या वेळच्या नोंदी दाखवतं. मागच्या मिळायला नोंदी डिस्कवर साठवल्या जात असायला हव्यात, म्हणजे 'व्हार' फोल्डरातल्या 'लॉग'मध्ये 'जर्नल' फोल्डर हवं. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

मशीन डिस्कपर्यंत पोचण्याआधीच गोठलं, तर मात्र फोटोच काढा.