दलित पँथर

मुंबईतील दलित तरुणांनी १९७२ मध्ये उभारलेली लढाऊ संघटना. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार व राजा ढाले ही तिची आरंभीची प्रमुख नावे; अरुण कांबळे, भाई संगारे, अविनाश महातेकर आदी लवकरच पुढे आले. अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ (१९६६) या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून तिचे नाव घेतले गेले.

स्थापनेच्या तारखेविषयी मतभेद आहेत. पवार यांनी २९ मे १९७२ ही तारीख दिली असून ढसाळ व ते स्वतः यांच्या चर्चेतून कल्पना निघाल्याचे म्हटले आहे. अन्यत्र ९ जुलै १९७२ ही तारीख आढळते. त्या दिवशी कामाठीपुऱ्यातील सिद्धार्थनगरात सभा झाली. आठवणी बहुतांशी नेत्यांनीच व १९७४ च्या फुटीनंतर लिहिल्या असल्याने श्रेयाचा वाद तारखांतही उतरला. पहिली तारीख निर्णयाची व दुसरी जाहीर प्रकटनाची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातील तरुणांचा वाटा मात्र कोणत्याही एका संस्थापकाच्या नावाखाली झाकला जाऊ नये.

हे तरुण घरातील शिकलेली पहिली पिढी होते. पदवी होती, नोकरी नव्हती. राहणे झोपडपट्टीत किंवा बीडीडी चाळीतल्या सुमारे १६० चौ. फुटांच्या खोलीत. आंबेडकरी विचारांचा रिपब्लिकन पक्ष (स्थापना १९५७) गटबाजीने खिळखिळा झाला होता. अस्पृश्यांवरील अत्याचार नोंदवणारा इलयापेरुमल समितीचा अहवाल शासनदरबारी पडून होता. अशात पुणे जिल्ह्यातील बावडा येथील दलितांवरील बहिष्काराच्या व परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांच्या विटंबनेच्या बातम्या आल्या. संघटनेची ठिणगी गावात पडली. तिला माणसे दिली ती मुंबईच्या वस्त्यांनी. तेथे ‘छावण्या’ म्हणजे संघटनेच्या शाखा निघाल्या.

जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीतील सभेनंतर दंगल उसळली व बीडीडी चाळींत पोलिसी अत्याचार झाले. १० जानेवारीच्या मोर्च्यावर वरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मृत्यू पावला. काँग्रेसचे रामराव आदिक पराभूत झाले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या.

पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने अनुसूचित जाती-जमाती व बौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी व स्त्रिया यांनाही दलित मानले. ढाले यांच्या गटाला त्यात मार्क्सवादाची छाया दिसली. १९७४ मध्ये फूट पडली. तिचे कारण केवळ वैचारिक मानणे अपुरे ठरेल. नेतृत्वाची स्पर्धाही तितकीच तीव्र होती. तरीही भाकरी व जात यांचे प्रश्न एकत्र मांडणारा तो मसुदा आजही या चळवळीचा सर्वांत मौलिक दस्तऐवज ठरतो.

ढाले व पवार यांनी मार्च १९७७ मध्ये संघटना बरखास्त केली. त्यानंतर अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे यांच्या भारतीय दलित पँथरने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यासाठी नामांतराचा लढा चालवला. त्याची परिणती १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारात, म्हणजे जुन्या नावाआधी आंबेडकरांचे नाव जोडण्यात झाली.