बस्ता बांधण्याआधी: कापड ओळखायचं कसं?

नमस्कार.

लग्नसराई आली की खानापूर, चंदगड, हुक्केरी, चिक्कोडीकडची मंडळी बस्ता बांधायला बेळगावात येतात. सकाळच्या गाडीनं यायचं आणि संध्याकाळच्या गाडीआधी नवरीचा शालू, नवऱ्याचा पोशाख, विहीणबाईंची साडी, मामाचा आहेर, मानाच्या पन्नास-साठ साड्या, टॉवेल-टोप्या एवढं सगळं उरकायचं. या घाईत कापड उलटून बघायला सवड कुणाला? रंग आवडला, काठ आवडला, दर जमला की "बांधा" म्हणून मोकळं व्हायचं. म्हणून हे पत्रक काढलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये. घरी निवांत वाचा, मग दुकानात या. दुकान आमचंच असलं पाहिजे असं नाही.

सगळ्यात मोठा घोळ नावांचा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "सॅटिन नको, सिल्क दाखवा." पण सॅटिन हे विणीचं नाव आहे, आणि ती वीण रेशमाचीही असते, सुताचीही, पॉलिएस्टरचीही. खादी म्हणजे हातानं कातलेल्या सुताचं हातमागावर विणलेलं कापड. मर्सराइज्ड म्हणजे सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढलेलं, त्यामुळे त्याला चमक येते आणि रंग चांगला बसतो. यातलं एक नाव विणीचं, एक करण्याच्या पद्धतीचं, एक प्रक्रियेचं. म्हणून दुकानदाराला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: धागा कसला, वीण कोणती, आणि विणल्यावर त्यावर काय केलंय? "कॉटन सिल्क आहे, चांगलं आहे" एवढ्यावर गप्प बसू नका. ताण्याला (उभ्या धाग्याला) काय आणि बाण्याला (आडव्या धाग्याला) काय, ते विचारा.

धागा कसला?

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून चूक झाली, ती आधी सांगतो. एका घाऊक व्यापाऱ्याकडून माल आला. गठ्ठ्यावर 'शंभर टक्के कॉटन' असा छाप होता. आम्ही छाप वाचला, धागा बघितला नाही. खानापूरकडच्या एका मावशींनी त्यातलं कापड नातवाच्या झबल्या-दुपट्यांसाठी नेलं. पंधरा दिवसांत त्या परत आल्या. बाळाच्या पाठीवर घामोळं उठलं होतं. मावशी आवाज चढवून काही बोलल्या नाहीत, नुसतं दुपटं काउंटरवर ठेवलं. आम्ही काठाचे दोन धागे उसवले आणि काडी लावली. धागा आक्रसत वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी धरला. सूत तसं जळत नाही. तो सगळा गठ्ठा परत पाठवला, मावशींचे पैसे दिले. त्या दिवसापासून आमच्याकडे कुठलाही ताका मांडणीवर जाण्याआधी त्याचा एक धागा जाळून बघतात. मावशी अजून येतात, आता त्याच नातवाच्या शाळेच्या कपड्यांसाठी.

ही परीक्षा तुम्हीही करू शकता. चिमट्यात एकच धागा धरा, खाली ताटली ठेवा, ओढणी-पदर आवरून घ्या. सूत कागदासारखं भरभर जळतं, वास जळक्या कागदाचा, राख मऊ आणि करडी. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की धुमसून विझतात, राख बोटानं चुरडते. पॉलिएस्टरचा मणी होतो, तो चुरडत नाही. मिश्रण असेल तर राखेतही खडा लागतो. आणि उभा धागा वेगळा, आडवा वेगळा जाळा. कारण कितीतरी कापडांत एक खरा असतो आणि दुसरा नसतो.

या परीक्षेला रेयॉन चकवतो. तो लाकडाच्या लगद्यापासून करतात. आपल्याच राज्यात, हरिहरजवळ तुंगभद्रेच्या काठी त्याचा मोठा कारखाना आहे. मूळ झाडाचंच असल्यामुळे तो जळतोही सुतासारखाच. मग ओळखायचा कसा? धागा भिजवून ओढा. सूत ओलं झालं की जास्त चिवट होतं, रेयॉन ओला झाला की निम्मा जोर गमावतो आणि पटकन तुटतो. म्हणूनच रेयॉनचा ड्रेस पिळू नये, दगडावर आपटू तर मुळीच नये. अंगाला गार लागतो, सुळसुळीत पडतो, उन्हाळ्याला छान. वाईट कापड नाही, त्याला जपून धुवावं लागतं एवढंच.

पॉलिएस्टरलाही आम्ही नावं ठेवत नाही. आषाढात बेळगावात धुतलेला कपडा तीन-तीन दिवस वाळत नाही. शाळेचा गणवेश, रानातल्या कामाचा शर्ट, ड्रायव्हरचा पोशाख यांना टेरिकॉटच बरं. वाळतं लवकर, इस्त्री लागत नाही, टिकतं. नेहमीच्या टेरिकॉटमध्ये ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत असतं. पण तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला निव्वळ सूतच द्या. तिथं दराकडे बघू नका.

नंबर आणि वीण

सुताला नंबर असतो. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या भरतात, तो त्याचा नंबर. म्हणजे नंबर वाढेल तसं सूत बारीक. २० नंबरचं सूत जाड, चादरी-मांजरपाटाला चालणारं. ४० नंबरात एका पौंडात ३३,६०० वार धागा भरतो. ८० नंबर घेतला तर ६७,२०० वार, म्हणजे साठ किलोमीटरच्या वर. अर्धा किलोही नसलेलं सूत, पण बेळगावहून संकेश्वर गाठून वर शिल्लक राहील! तलम मलमल महाग का, ते यावरून लक्षात यावं. ब्लाउजच्या रुबियाला 'टू बाय टू' म्हणतात, कारण तिच्या ताण्यातही आणि बाण्यातही दोन-दोन पदर पिळलेला धागा असतो.

विणी मुख्य तीन. साधी वीण एक वर, एक खाली: मलमल, पॉपलिन, केंब्रिक, मांजरपाट. ट्विलमध्ये तिरप्या रेघा दिसतात: ड्रिल, गॅबर्डीन, डेनिम. डेनिमची आतली बाजू पांढरट असते, कारण ताणा निळा आणि बाणा पांढरा. सॅटिनमध्ये एक धागा चार किंवा जास्त धाग्यांवरून मोकळा जातो. चमक त्यानंच येते, आणि बांगडीत अडकून धागा ओढला जातो तोही त्यानंच.

नवं कापड करकरीत लागलं म्हणजे दणकट आहे असं समजू नका. मागावर ताणा तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, आणि विकायच्या आधीही हलक्या कापडाला खळ देऊन जाड करतात. कापडाचा कोपरा दोन्ही तळव्यांत धरून खसाखसा चोळा. पांढरी भुकटी झडली आणि कापड लुळं पडलं, तर पहिल्या धुण्यातच त्याचं खरं रूप दिसणार. मग उजेडासमोर धरून पोत बघा.

हे कापड येतं कुठून?

बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानातला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधतात. गोकाकच्या धबधब्याशेजारी १९व्या शतकाच्या अखेरीस सूतगिरणी निघाली, पाण्याच्या जोरावर. धारवाडच्या शेती संशोधकांनी १९७२ साली वरलक्ष्मी हा लांब धाग्याचा संकरित कापूस दिला, आणि बारीक नंबरचं सूत आपल्याकडच्या कापसातूनही निघू लागलं. सीमेपलीकडे इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. आज आमच्याकडचं शर्टिंग, धोतरं आणि परकराचं कापड बहुतेक तिकडचंच.

आणि साड्या? त्यातल्या कितीतरी इथल्याच. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांतून दुपारी चाललात तर घराघरातून खटखट ऐकू येते. मराठी शेजारी माग म्हणतात, कन्नड शेजारी मग्ग म्हणतात, शब्द एकाच घरातला. आमच्या आजोबांचे वडगावात दोन हातमाग होते, खड्ड्यातले. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपायचं, मग पाय पोत्यावर ठेवून विणायचे. आजी दारात बसून बाण्याच्या धाग्याच्या कांड्या भरायची. आता घरोघरी यंत्रमाग आहेत, मिनिटाला शंभरावर धोटे (बाणा आरपार नेणारे) मारणारे, वर जॅकार्ड बसवलेले. जॅकार्डला छिद्रांच्या कार्डांची माळ असते. जिथं छिद्र, तिथला धागा उचलला जातो, आणि त्यातून काठावर मोर-कुयरी उमटते. एका बाईचा दिवस कांड्या भरण्यात जातो, तेव्हा तुमच्या मानाच्या साड्या होतात. इथली साडी आणि परगावची साडी सारख्या दराची असेल, तर आधी इथली हातात घ्या, ही आमची विनंती.

इरकल आणि खण

गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फसतं ते इरकलीत. खरी इरकल बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची. तिचा ताणा एकेका साडीपुरताच करतात आणि पदराचा ताणा वेगळा, बहुतेक लाल. अंगाचे आणि पदराचे धागे एकमेकांत फासे घालून जोडतात. या कामाला 'टोपी तेनी' म्हणतात. म्हणून साडी घेताना पदर जिथं सुरू होतो तिथं थांबा. साडी उलटी करा, नख लावून उभा धागा बघा. अंग हिरवं असेल तर तो हिरवा धागा पदराच्या रेघेवर संपून लाल सुरू झाला पाहिजे. हिरवाच धागा पुढे पदरातही गेला असेल, तर ती नुसती इरकलीच्या नमुन्याची साडी. ती आम्हीही ठेवतो, स्वस्तात चांगली नेसता येते. पण तिला इरकलीचा दर देऊ नका.

खणाचंही तेच. गुळेदगुड्डचा खण ओटीला, यल्लम्माला, चोळीला पिढ्यान् पिढ्या चालत आला. आता 'खण साडी'ची हौस आलीय आणि त्यातलं पुष्कळ कापड पॉलिएस्टर धाग्याचं असतं. हौसेला घ्या, पण उन्हाळ्यातल्या लग्नात दिवसभर नेसायची असेल तर धागा विचारून घ्या.

जरीचं थोडक्यात: खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. त्याखालच्या जरीत तांबं असतं, आणि सगळ्यात स्वस्त ती चकचकीत प्लॅस्टिक पट्टीची. रेशमी शालूवर सिल्क मार्कचं लेबल बघा, हातमागाच्या कापडावर हँडलूम मार्कचं.

खादी हवी असेल तर आमच्याकडे थोडीच असते. जवळच हुदली आहे. १९३७ साली गांधीजींचा तिथं मुक्काम होता, आणि त्या गावानं खादी सोडली नाही. तिथून थेट आणलीत तर आम्हाला आनंदच आहे. घोंगडं मात्र आमच्याकडे मिळेल, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं. पहिल्या पावसात वास येतो, तो लोकरीचाच. तक्रार घेऊन येऊ नका, घोंगडं उन्हात टाका.

शिवायच्या आधी

सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटतं, ते शिवल्यावर आटण्यापेक्षा आधीच आटलेलं बरं. पन्हा (कापडाची रुंदी) विचारल्याशिवाय माप सांगू नका: पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्यात अडीच मीटर लागतं, ५८ इंचात एक मीटर साठ. गडद रंग पहिल्या दोन वेळा वेगळे धुवा. ओलं पांढरं फडकं काठावर घासून बघा, रंग लागला तर साडी ड्रायक्लीनलाच द्या.

दुसरीकडून घेतलेलं कापड असलं तरी घेऊन या. धागा जाळून, भिंगाखाली बघून सांगायला आम्ही पैसे घेत नाही. फक्त रविवारी आणि लग्नाच्या मोठ्या तिथींच्या आधीच्या आठवड्यात काउंटरवर उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या या. आणि बस्त्याला येताना मानपानाची यादी घरूनच लिहून आणा, नावासमोर वयही लिहा. आत्याबाई सत्तरीच्या असतील तर त्यांना सुळसुळीत साडी नको, निरी सुटते. त्यांच्यासाठी सुती काठापदराची वेगळी काढून ठेवतो.