भिंतीतल्या भेगा आणि चांदीपुराची धास्ती

जुलै २०२४ चा दुसरा आठवडा. उत्तर गुजरातेतल्या हिंमतनगरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून बातम्या यायला लागल्या. साबरकांठा-अरवल्लीकडची लहान मुलं. रात्री फणफणून ताप, मग उलट्या, मग झटके, आणि दीड-दोन दिवसांत मूल हातचं गेलेलं. १० जुलैपर्यंत चार मुलं दगावली. तिथल्या डॉक्टरांना चांदीपुरा विषाणूचा संशय आला आणि नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे रवाना झाले.

त्याच दिवसांत इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या औषधाच्या दुकानात माझ्या पुढे एक आई उभी होती. शाळेच्या गणवेशातली दोन मुलं बरोबर. तिने लहान मापाचे मास्क मागितले. दुकानदाराने विचारायच्या आतच म्हणाली, "चांदीपुरा आव्यो छे ने." तिच्या आवाजातली काळजी खरी होती, पोटातून आलेली होती. पण मास्कने चांदीपुरा अडत नाही. तो खोकल्यातून, शिंकेतून, शेजारी बसण्यातून पसरत नाही. इतक्या जवळच्या माणसांची भीती इतक्या चुकीच्या जागी का जाते, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे हा विषाणू नवा नाही. आणि त्याचं नाव मराठी मुलखातलं आहे. १९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ होती. त्या साथीत घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना आजवर न पाहिलेला विषाणू सापडला. नागपूरकडच्या चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव मिळालं. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. कुत्रा चावल्यावर होणाऱ्या रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. पण तेव्हा तो साध्या तापाच्या रुग्णांत सापडला होता, म्हणून त्याची कोणी फार धास्ती घेतली नाही. नागपूरच्या नावाने तो प्रयोगशाळेच्या नोंदीत पडून राहिला, म्हटलं तरी चालेल.

त्याचा वाहकही महाराष्ट्रातच सापडला. १९७० साली औरंगाबादच्या वाळूमाश्यांमधून हाच विषाणू वेगळा केल्याचं संशोधकांनी जाहीर केलं. या वाळूमाशीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिच्यापाशीच येऊन थांबतं. नाव माशीचं, पण ही घरातल्या माशीसारखी नसते. दोन-तीन मिलिमीटरची, फिकट भुरकी, अंगावर लव असलेली. डासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरते. गुणगुणत नाही, त्यामुळे आल्याचं कळतही नाही. तिला फार उडता येत नाही; जमिनीलगत टुणटुण उड्या मारल्यासारखी सरकते. दिवसभर मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात, शेणाच्या आणि पाचोळ्याच्या ढिगाजवळ दडून असते आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत शिरू शकते. जमिनीवर गोधडी टाकून झोपलेलं मूल तिला सर्वात आधी सापडतं.

म्हणजे हा आजार दोन माणसांमधला नाहीच. तो भिंत आणि मूल यांच्यामधला आहे.

त्याचं खरं भयानक रूप दिसलं ते २००३ च्या उन्हाळा-पावसाळ्यात, आंध्र प्रदेशात. मेंदूज्वराची ३२९ मुलं, त्यांतली १८३ गेली. चाळीस वर्षं तापाचा विषाणू म्हणून नोंदलेला तो हा, हे तेव्हा उमगलं. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, गुजरातच्या पूर्वेकडच्या, मध्य प्रदेशाला लागून असलेल्या पट्ट्यात साथ आली. रुग्णांची संख्या आंध्रच्या मानाने लहान होती, पण त्यांतली चारांतली तीन मुलं वाचली नाहीत. २००७ मध्ये तो पुन्हा नागपूर विभागात उमटला. म्हणजे २०२४ साली वर्तमानपत्रांत 'नवा विषाणू' म्हणून मथळे झळकले, तेव्हा आपल्याच पूर्व पट्ट्यातल्या गावांनी वीस वर्षांपूर्वी त्याची झळ सोसली होती. बडोदं शहर ते विसरलं होतं. मला वाटतं, विसरण्याचं कारणही साधं आहे: मुलं आपल्या गल्लीतली नव्हती.

शहराच्या आठवणीत ज्या साथी पक्क्या बसल्या आहेत त्या सगळ्या माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या, किंवा तशा वाटणाऱ्या. माझी आजी १९१८ च्या मानमोडीबद्दल तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची. घरात एक आजारी पडला की दुसऱ्या दिवशी तीन. त्या तापाने देशभरात कोटीहून जास्त माणसं नेली. त्याआधीचा प्लेग, ज्याला गुजरातीत मरकी म्हणतात, तो जिवाणूचा, उंदरावरच्या पिसवांतून येणारा. पण लोकांच्या मनात तोही गर्दीचा, शिवाशिवीचा आजार होता. गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचं, हा त्यावरचा तेव्हाचा उपाय.

याच मरकीच्या काळात बडोद्याजवळ एक गोष्ट घडली. तिची आठवण शहराला फारशी नाही, आणि ती असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जिवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी तिथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात त्या काळात प्लेग म्हणजे गोऱ्या शिपायांच्या झडत्या, घराबाहेर फेकलेलं सामान, आणि मग २२ जून १८९७ ची चाफेकरांची गोळी. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच वर्षी मार्चमध्ये गेल्या. सक्तीने भीती दुप्पट झाली होती आणि लशीवर तर फारच थोड्यांचा विश्वास होता.

अशा वेळी फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन बडोदा संस्थानातल्या उंडेरा गावी आले. बडोद्यापासून सहा मैलांवरचं, हजारेक वस्तीचं गाव. प्लेग गावात शिरलेला होता. तिथे कुटुंबंच्या कुटुंबं उभी करून प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, एकूण ५१३ जणांना. बाकीचे त्याच घरात, त्याच चुलीवरचं खात, त्याच छपराखाली राहिले. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी झाली. प्लेग शिरलेली घरं निघाली अठ्ठावीस. त्या घरांत लस न घेतलेली ६४ माणसं होती. २७ आजारी पडली, २६ मेली. लस घेतलेली ७१ होती. आठ आजारी पडली, तीन मेली.

आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि करूही नये. घरातल्या निम्म्यांना लशीशिवाय ठेवायचं ही कल्पनाच अंगावर काटा आणते. पण त्या गावाने काय पाहिलं हे लक्षात घ्या. लस चालते हे कोणी चावडीवर भाषणात सांगितलं नाही. आपल्याच घरात कोण उठलं आणि कोण नाही, हे त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला दूषित बाटलीतल्या लशीने १९ जण धनुर्वाताने गेले आणि हाफकिन यांच्यावर बालंट आलं. ते दूर व्हायला १९०७ उजाडलं. मिळवलेला विश्वास किती पटकन जातो, हेही त्याच इतिहासात आहे. उंडेरा आता २०२० पासून बडोदा महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तिथून रोज जाणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नाही.

माझ्या पिढीची आठवण मात्र सप्टेंबर १९९४ ची. सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आल्याची बातमी फुटली आणि काही लाख माणसं शहर सोडून पळाली. सुरत आमच्यापासून दीडशे किलोमीटर. बडोद्याच्या स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकाकडे लोक संशयाने बघत होते. तोंडाला रुमाल, खिशात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. दोन दिवसांत त्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. मृत्यूंचा आकडा शेवटी पन्नासच्या आसपास राहिला, पण तोंडावर रुमाल बांधायचा धडा शरीरात बसला. २०२० ने त्याच धड्यावर दोन वर्षं हात फिरवून तो अधिक गडद केला. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीची चर्चा झाली, तेव्हाही पुन्हा मास्कच. तो विषाणू नेदरलँड्समध्ये २००१ सालीच ओळखला गेला होता आणि तो श्वासातून पसरतो, म्हणून तिथे मास्क निदान योग्य जागी तरी होता.

त्या आईने मास्क मागितला तो या साठलेल्या आठवणीतून. तिला दोष देता येत नाही.

२०२४ च्या साथीचे आकडे नंतर जागतिक आरोग्य संघटनेने दिले: जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, त्यांपैकी ८२ मृत्यू, आणि चांदीपुराची खात्री झालेले ६४. गेल्या वीस वर्षांतली ही सर्वात मोठी साथ. लस नाही, विषाणूवर चालणारं खास औषध नाही. झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास चालू ठेवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. त्यामुळे सगळं वेळेवर अवलंबून. ताप आलेल्या मुलाला झटका आला किंवा ते गुंगीत जायला लागलं, तर गावातून मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचायला लागणारे तास हेच त्याचं आयुष्य ठरवतात.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बेनचं माहेर पंचमहालात घोघंब्याकडे आहे. त्यांच्या भावाचं घर मातीचं, गोठा लागूनच. त्या जुलैत आरोग्य खात्याची माणसं तिकडच्या गावांत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारत फिरत होती. भिंतींच्या खालच्या भागात, भेगांत, गोठ्याच्या कडेने पांढरा थर. बेन एका सकाळी म्हणाल्या, भावजय शेण-माती कालवून बसली आहे, भेगा बुजवायला. सगळ्यांनी सांगितलंय ना, भेगा बुजवा म्हणून.

मी विचारलं, पावडर मारून झाली का?

त्या थांबल्या. भुकटी मारलेल्या भिंतीवर लिंपण केलं तर भुकटी मातीखाली जाते आणि माशीला लागतच नाही. भेगा आधी बुजवायच्या आणि भुकटी नंतर. लेपन करून ठेवा, हे सांगणाऱ्यांनी हा क्रम सांगितला नव्हता. बेननी पोळपाट बाजूला सारून तिथेच फोन लावला. पलीकडे भावजय म्हणाली, आमच्या फळियात, म्हणजे वस्तीत, माणसं उद्या यायची आहेत, अजून काही मारलेलं नाही.

"तो आजे ज लीपी नाख," बेन म्हणाल्या, "अंधारा पहेलां. अने छोकराने आजे खाटला पर सुवडावजे."