ट्यूब तीच, कातडी वेगळी

जुलैतली संध्याकाळ. ठाण्यात नौपाड्यातल्या एका औषधाच्या दुकानापुढे छत्री मिटवून उभा होतो. माझ्या पुढे पंचविशीतला एक डिलिव्हरीवाला मुलगा, रेनकोटातून पाणी निथळत असलेला. "दादा, ती खाजेची ट्यूब द्या ना, मागच्या वेळची." दुकानदाराने न बघताच खणात हात घातला. "किती वेळा लावू?" "खाज आली की लाव." डॉक्टरची चिठ्ठी ना कोणी मागितली, ना कोणी दाखवली. काउंटरवरच्या ट्यूबचं नाव मी वाचलं. क्लोबेटासॉल, सोबत एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक. कातडीला लावायच्या स्टेरॉईडांतल्या सर्वांत जहाल गटातलं औषध तो मुलगा जांघेत लावणार होता, आणि वर भिजलेली जीन्स घालून दिवसभर बाईक चालवणार होता.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतली एक तरुण आई आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन घरी आली. मी औषधशास्त्र शिकवायचो हे तिला ठाऊक आहे. बाळाचे दोन्ही गाल लालभडक, खरखरीत, मध्येच लस येणारे. सारखं आईच्या खांद्यावर गाल घासत होतं. "काका, डॉक्टरांनी हे दिलंय, पण यात स्टेरॉईड आहे म्हणे. मी लावलंच नाही." ट्यूबचं सील शाबूत होतं. आत एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, सौम्यातलं सौम्य स्टेरॉईड.

जिथे घाबरायला हवं तिथे बिनधास्त, आणि जिथे निर्धास्त असायला हरकत नाही तिथे धास्ती. स्टेरॉईड म्हणजे एकच एक औषध आणि कातडी म्हणजे अंगभर सारखंच कापड, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे.

हायड्रोकॉर्टिसोन हे परकं रसायन नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी तेच, कॉर्टिसॉल या नावाने, रोज तयार करतात. या संप्रेरकांवरच्या कामासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना 1950 चं नोबेल मिळालं. 1952 मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून इसब शमतं हे दाखवलं. दंड फुगवायला जिममध्ये घेतात ती स्टेरॉईडं निराळ्या कुळातली. नाव एक असल्याने बिचारं मलम बदनाम झालं आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. मनगट ते कोपर या भागात, हाताच्या आतल्या बाजूला, त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, केसापेक्षाही कमी. या चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा स्निग्ध गिलावा. स्टेरॉईडचा रेणू तेलकट पदार्थांत सहज विरघळणारा असल्याने तो या गिलाव्यातून वाट काढत खाली झिरपतो. पण सगळा लगेच झिरपत नाही, बराचसा तिथेच मुरून राहतो. 1963 मध्ये व्हिकर्स यांनी एक देखणा प्रयोग केला. स्टेरॉईड लावून वर प्लास्टिक गुंडाळलं. खालच्या रक्तवाहिन्या आकसल्या आणि कातडी पांढरी पडली. काही वेळाने तो पांढरेपणा गेला. मग कित्येक दिवसांनी, औषधाचा नवा थेंबही न लावता, त्याच जागी नुसतं प्लास्टिक गुंडाळलं, तर पांढरा डाग पुन्हा उमटला! औषध वरच्या थरात साठून होतं. ओल कोंडली, थर फुगला, गिलावा सैल झाला आणि साठा खाली सुटला. मलम दिवसातून एकदा, फार तर दोनदा पुरतं, त्यामागचं एक कारण हेच. चौथ्यांदा लावून गुण चौपट येत नाही, धोका मात्र वाढतो.

आदल्याच वर्षी, 1962 मध्ये, मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी या पांढरेपणाचीच मोजपट्टी केली होती. जे औषध जास्त पातळ करूनही कातडी पांढरी करतं, ते जास्त जहाल. या मोजपट्टीवर क्लोबेटासॉल हायड्रोकॉर्टिसोनच्या काहीशे पट भरतं. म्हणजे नौपाड्यातली ट्यूब आणि बाळाची ट्यूब यांची नुसती तुलनासुद्धा अन्यायाची आहे.

दुसरी गोष्ट जागेची. 1967 मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण केलेलं हायड्रोकॉर्टिसोन शरीरावर ठिकठिकाणी लावलं आणि लघवीत किती उतरतं ते मोजलं. मनगट ते कोपर हाताच्या आतल्या बाजूचं शोषण 1 धरलं, तर तळपायाचं सुमारे 0.14, कपाळाचं 6, जबड्याच्या कोपऱ्याचं 13 आणि वृषणाच्या कातडीचं 42. बेचाळीस पट! त्यात आपल्याकडचा पावसाळा, घाम, घट्ट जीन्स, लोकलमधली गर्दी. व्हिकर्स यांनी मुद्दाम गुंडाळलेलं प्लास्टिक ठाण्यातल्या माणसाच्या जांघेत चार महिने आपोआप गुंडाळलेलं असतं.

खाली पोहोचलेला रेणू पेशीत शिरतो. तिथे एक ग्राही प्रथिन दुसऱ्या एका सांभाळणाऱ्या प्रथिनाच्या कुशीत निजलेलं असतं. स्टेरॉईड चिकटलं की ते मोकळं होऊन केंद्रकात जातं आणि थेट डीएनएवर बसतं. दाह शमवणाऱ्या जनुकांचं काम वाढतं, आणि दाह पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाची मुस्कटदाबी होते. पण हाच निरोप कोलॅजन विणणाऱ्या पेशींनाही मिळतो आणि त्या विणकाम कमी करतात. जहाल औषध नाजूक जागी महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात. जांघेत एकदा चरे पडले की ते जन्मभर राहतात.

आणि त्या मुलाला बहुधा इसब नव्हतंच, गजकर्ण असावं. गजकर्ण बुरशीने होतं. स्टेरॉईडने दाह दबतो, खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि पहारा उठलेल्या कातडीवर बुरशी निवांत पसरते. गोल कड पुसली जाते आणि डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं. अशा वेषांतर केलेल्या गजकर्णाचं वर्णन 1968 पासून वैद्यकीय साहित्यात आहे. आपल्या सरकारने 2018 मध्ये 14 स्टेरॉईड मलमं शेड्युल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. त्या बंदीचं काय होतं ते मी छत्री मिटवून पाहिलं.

बाळाच्या आजीचं म्हणणं वेगळं होतं. "इसब बाहेर पडू द्यावं, मलमाने दाबलं तर छातीत जाऊन दमा होतो." हे मी शेकडो घरांत ऐकलंय आणि दर वेळी जीव तळमळतो. ज्या मुलांना असं इसब असतं, त्यांच्यात पुढे दम्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं. इसब आधी दिसतं, दमा नंतर, म्हणून पहिल्याने दुसरा झाला असं वाटतं. मलमाने दाबल्यामुळे कातडीतून छातीत काहीही जात नसतं. उलट फुटलेल्या गिलाव्यातून धूळ आणि अन्नाचे कण आत शिरले की शरीराला त्यांची ॲलर्जी जडू शकते. "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून बिननावाच्या डबीत मिळणारी मलमंही तितकीच वाईट. अशा डब्यांत चोरून मिसळलेलं जहाल स्टेरॉईड देशोदेशींच्या तपासण्यांत सापडलेलं आहे.

मग मी आईला माप दाखवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, ट्यूबमधून एक सलग पट्टी काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. हे माप 1991 मध्ये लाँग आणि फिन्ले यांनी रूढ केलं. बाळाच्या दोन गालांना त्या पट्टीचा पाव भागही खूप. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस नेमाने लावायचं, डोळ्यांपासून दूर, आणि दोन दिवसांत गाल बरे दिसले म्हणून मध्येच सोडायचं नाही. साधं मॉइश्चरायझर मात्र रोज, भरपूर, स्टेरॉईड लावल्यावर थोडं थांबून. महिन्याभरात पुन्हा पुन्हा उठलं तर आपल्या मनाने जास्त जहाल ट्यूब आणायची नाही, पुन्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं.

तिने माझ्यासमोरच सील फोडलं. पहिली पट्टी पेरभर लांब आली. तिने बोटाकडे पाहिलं, मग बाळाच्या गालांकडे, आणि तीन भाग टिशूला पुसून उरलेले ठिपके अलगद टेकवले. बाळाने गाल घासायला खांदा शोधला, तेव्हा तिने घाईने त्याला दुसऱ्या कुशीवर घेतलं.