‘बालकलाकारांचा शाप’ आणि चुंबकाचे एक प्रमेय

हॉलिवूडचा एखादा जुना बालकलाकार अकाली गेला की ‘बालकलाकारांचा शाप’ हे शब्द बातम्यांत येतातच. ‘डिफरंट स्ट्रोक्स’ या मालिकेतल्या मुलांवर तर हा शिक्काच बसला. त्यांतला गॅरी कोलमन लहानपणापासून मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होता. त्याची उंची ४ फूट ८ इंचांवर थांबली ती हा विकार आणि त्यावरची औषधे यांमुळे. मिळकतीवरून पालकांशी झालेला वाद न्यायालयात गेला आणि १९९३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. आजार हा आजार आणि पैशांचा वाद हा पैशांचा वाद; शाप यात कुठेच नाही. १९७१ मध्ये एकाच चित्रपटात काम करून बाजूला झालेला पीटर ऑस्ट्रम पुढे गुरांचा डॉक्टर झाला. त्याच्यासारख्यांची बातमी होत नाही, म्हणून ते मोजलेच जात नाहीत.

मला मात्र सांगायचे आहे डॅनिका मॅकेलरबद्दल. ‘द वंडर इयर्स’ (१९८८ ते १९९३) मधली ही विनी कूपर मालिका संपल्यावर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गणित शिकायला गेली. तिथे प्राध्यापक लिंकन चेज आणि सहाध्यायी ब्रँडी विन यांच्यासह तिने एक प्रमेय सिद्ध केले; ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘नटीने लावला शोध’ असे मथळे मला खटकतात, कारण त्यांत ना बाकीचे दोघे दिसतात, ना प्रमेय. आणि प्रमेय फार सुंदर आहे.

लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याचे चुंबकत्व जाते. का? ठिपक्यांची अमर्याद रांगोळी डोळ्यांसमोर आणा: ठिपका म्हणजे जणू एक अणू, आणि रंग म्हणजे त्याच्या चुंबकत्वाची दिशा. प्रत्येक ठिपका चारांपैकी एका रंगाचा आणि शेजाऱ्यासारखा रंग घेण्याकडे त्याचा ओढा. उष्णता मात्र ही जुळणी सतत मोडते. हे १९४३ चे अॅश्किन-टेलर प्रारूप. आता कडेचे सगळे ठिपके लाल करा आणि ती कड दूर, आणखी दूर, अनंतापर्यंत ढकला. मधल्या ठिपक्याला तिचा रंग अजूनही जाणवतो का? तापमान जास्त असेल तर नाही: कड कोणतीही असो, आत एकच समतोल अवस्था. तापमान पुरेसे उतरले तर मात्र जाणवतो. लाल कडेची अवस्था वेगळी, निळ्या कडेची वेगळी. अशा अवस्थांना गिब्ज अवस्था म्हणतात, आणि त्या एकाहून अधिक असणे म्हणजेच चुंबकत्व.

दुसरा प्रश्न निव्वळ भूमितीचा: एकाच रंगाच्या, एकमेकांना लागून असलेल्या ठिपक्यांची कधीच न संपणारी साखळी सापडते का? याला परकोलेशन म्हणतात. प्रमेय सांगते की रंगारंगांमधल्या ओढ्याचे जोर एका ठरावीक पट्ट्यात असतील, तर या प्रारूपात दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच. साखळी असेल तर अवस्था अनेक, आणि अवस्था अनेक असतील तर साखळी.

हे उघड वाटेल, पण तसे नाही. दोनच रंग घ्या आणि प्रत्येक ठिपका नाणे उडवून रंगवा. दोन्ही रंग समसमान, म्हणून चुंबकत्व शून्य. चौकोनी सपाट जाळीत अनंत साखळीसाठी एका रंगाचे प्रमाण सुमारे ०.५९३ च्या वर लागते, आणि आपल्याकडे ०.५ च आहे, म्हणून साखळी नाही. घनाकार जाळीत मात्र हा उंबरठा सुमारे ०.३१२. तिथे दोन्ही रंगांच्या अनंत साखळ्या एकमेकींना वरून-खालून ओलांडून खुशाल नांदतात, आणि चुंबकत्व तरीही शून्य! सपाटीवर ओलांडायला जागा नसते. एका रंगाची साखळी दुसऱ्याची वाट अडवते. प्रमेय द्विमितीतच का, ते इथे कळते. याआधी असा निकाल सपाट जाळीवर फक्त पॉट्स प्रारूपांसाठी माहीत होता; त्यांत शेजाऱ्याचा रंग वेगळा असेल तर तो नेमका कोणता, याने फरक पडत नाही.

मॅकेलर पुढे संशोधनात राहिली नाही. ती अभिनयाकडे परतली, आणि २००७ पासून शाळकरी मुलींसाठी गणिताची पुस्तके लिहू लागली.