क्रेडिट कार्डाचे देणे नाकारणे : वादामागचा इतिहास

क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडण्यास नकार देणे योग्य की अयोग्य, या प्रश्नात ज्याची फेडण्याची ऐपतच उरलेली नाही त्याच्याविषयी आता फारसे दुमत राहिलेले नाही. कर्जापायी तुरुंगात टाकण्याची पद्धत अमेरिकेच्या संघराज्य कायद्यातून १८३३ मध्ये गेली, इंग्लंडमध्ये १८६९ च्या कायद्याने ती बव्हंशी संपली, आणि प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोला देण्यातून मोकळे करून पुन्हा उभे राहू द्यावे, हे दिवाळखोरी कायद्याचे सूत्र बनले. वाद उरतो तो ओढाताण करून का होईना देता येण्यासारखे असूनही जो हात वर करतो त्याच्याबद्दल. आणि त्याला आजचे वळण मिळाले ते गेल्या पन्नास वर्षांत.

त्याआधीच्या काळात देणे बुडवण्याच्या हक्कापेक्षा व्याजाच्या मर्यादेची चर्चा अधिक दिसते. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी कायद्यात पुराने किंवा अवर्षणाने पीक गेल्यास त्या वर्षी धनकोला धान्य देऊ नये आणि त्या वर्षाचे व्याजही लागू नये, असे कलम होते. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्रात होता आणि त्याच्यासारखाच नियम रोमन कायद्यातही होता. मुद्दल परत करावे की नाही, याविषयी या नियमांना शंका नव्हती.

कार्डांच्या जमान्यात पहिली मोठी थकबाकी उभी राहिली तिला धनकोचा उतावीळपणा कारण होता. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात एका बँकेने सुमारे ६०,००० कार्डे कोणी मागितलेली नसताना टपालाने घरोघर पाठवली. थकबाकी चार टक्क्यांच्या आसपास राहील असा अंदाज होता. ती बावीस टक्क्यांवर गेली. न मागता कार्ड पाठवण्यावर १९७० मध्ये कायद्याने बंदी आली. तरीही तोवर ज्यांनी ती कार्डे वापरली, त्यांनी वस्तू घेतल्या होत्या आणि किमतीही त्यांना ठाऊक होत्या, त्यामुळे नकाराचे समर्थन त्या टप्प्यावर फारसे टिकत नव्हते.

चित्र पालटले ते डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लागलेल्या एका निकालाने. नेब्रास्का राज्यातील एक बँक मिनेसोटा राज्याच्या रहिवाशांना कार्डे देत होती. नेब्रास्कात ९९९.९९ डॉलरपर्यंतच्या देय बाकीवर १८ टक्के आणि त्यावरील रकमेवर १२ टक्के व्याज घेता येत होते. मिनेसोटात मात्र मर्यादा १२ टक्क्यांचीच होती, सोबत फार तर १५ डॉलर वार्षिक शुल्क आकारता येई. खटला भरला तो मिनेसोटातील एका प्रतिस्पर्धी बँकेने, कारण १२ टक्क्यांत भागेना म्हणून तिने १० डॉलरचे वार्षिक शुल्क लावले होते आणि असे शुल्क न घेणाऱ्या बाहेरच्या बँकेपुढे आपण ग्राहक गमावतो, अशी तिची तक्रार होती. पुढे राज्यही त्यात सामील झाले. ज्यांच्या खिशातून व्याज जाणार होते, ते कार्डधारक पक्षकार नव्हतेच.

निर्णय उभा राहिला १८६४ च्या बँकविषयक कायद्यातील एका वाक्यांशावर : बँक ज्या राज्यात ‘स्थित’ आहे, तिथला व्याजदर तिला लावता येईल. ग्राहक मिनेसोटात, दुकाने मिनेसोटात, कार्डासाठी गळ घातली तीही मिनेसोटात. तरी कर्ज मंजूर होते नेब्रास्कात आणि कार्डेही तिथूनच दिली जातात, म्हणून बँक तिथलीच, असे न्यायालयाने एकमताने ठरवले. मिनेसोटाचा रहिवासी पूर्वीही सीमा ओलांडून नेब्रास्कात कर्ज काढू शकत होता, टपालाने तेच घडले तर काय बिघडले, हा त्यातील एक युक्तिवाद. यामुळे राज्यांच्या व्याजमर्यादा निष्प्रभ होत असतील तर त्यावरचा उपाय कायदेमंडळाने करावा, असेही सांगितले गेले. कायद्याच्या शब्दांत हे चपखल बसते. नैतिक दृष्टीने मात्र सीमा ओलांडून जाणाऱ्याला आपण कोणाच्या नियमाखाली पैसे घेतो ते कळत असते, आणि घरी आलेले पाकीट फोडणाऱ्याला ते बहुधा कळत नसते. हा फरक निकालात हरवला.

परिणाम लगेच दिसले. १९८० मध्ये साउथ डकोटा राज्याने व्याजाची कमाल मर्यादा उठवली, आणि महागाईच्या दिवसांत न्यूयॉर्कच्या मर्यादेमुळे तोट्यात गेलेल्या एका बड्या बँकेने आपला कार्ड व्यवसाय १९८१ मध्ये तिथे हलवला. त्याच वर्षी डेलावेअरनेही दारे उघडली. १९९६ मध्ये विलंब शुल्क हेही ‘व्याज’च ठरले, म्हणजे तेही मुख्यालयाच्या राज्याप्रमाणे लावता येऊ लागले. दिला शब्द पाळावा, या युक्तिवादाला खरा तडा इथे गेला. दर, शुल्क आणि अटी धनकोला एकतर्फी बदलता येत असतील, तर ऋणकोने शब्द दिला तो नेमका कशाचा?

२००९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कार्डधारक महिलेने हाच प्रश्न एका व्हिडिओतून विचारला. नियमित हप्ते भरत असताना बँकेने माझा व्याजदर सुमारे १३ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेला, तो मागे घेईपर्यंत एक पैही देणार नाही, असे तिने जाहीर केले. देणे तिला मान्य होते, नव्या दराने ते देणे मान्य नव्हते. बँकेने जुना दर परत लागू केला. त्याच वर्षी मंजूर झालेल्या कायद्याने दरवाढीआधी ४५ दिवसांची सूचना बंधनकारक केली, आणि हप्ता ६० दिवस थकल्याखेरीज जुन्या देय बाकीवरील दर वाढवण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. तिने जे अन्याय्य म्हटले, ते कायद्यानेही बव्हंशी तसेच ठरवले. पैसे न देणाऱ्यांचा बोजा अखेर इतर कार्डधारकांवर पडतो, हा आक्षेप खरा आहे; पण अशा सशर्त नकाराला तो जेमतेम लागू पडतो.

हेतू ओळखण्याचा प्रयत्न कायद्याने उलट बाजूनेही केला. अमेरिकेच्या २००५ च्या दिवाळखोरी सुधारणेने अर्जाआधीच्या ९० दिवसांत एकाच धनकोकडून ५०० डॉलरहून अधिक रकमेची चैनीची खरेदी केली असेल, किंवा ७० दिवसांत कार्डावर ७५० डॉलरहून अधिक रोख उचलली असेल, तर ती फसवणूक गृहीत धरली. फेडायचे नाही हे आधीच ठरवून उधार घेणे ही चोरीच, आणि ती रेषा योग्य जागी आहे.

देणे नेमके कोणाला द्यायचे, हा प्रश्न त्यानंतरचा. साधारण १८० दिवस हप्ता न आल्यास कार्डाची थकबाकी बुडीत खाती टाकली जाते आणि अनेकदा विकली जाते. अमेरिकेतील २०१३ च्या एका सरकारी अभ्यासात अशा थकबाक्यांचा सरासरी भाव दर डॉलरमागे सुमारे चार सेंट आढळला, आणि विकल्या गेलेल्या यादीसोबत मूळ कागदपत्रे क्वचितच दिली जात होती. चार सेंटांना घेतलेल्या देण्यासाठी पूर्ण डॉलर मागणाऱ्याचा कायदेशीर हक्क शाबूत असतो. मूळ धनकोविषयी वाटणारे कर्तव्य त्याच्याकडे आपोआप जाते, असे मानणे मात्र कठीण आहे. मुदतबाह्य, म्हणजे दावा लावण्याची कायदेशीर मुदत उलटून गेलेल्या, थकबाकीसाठी दावा लावण्यास किंवा तशी धमकी देण्यास वसुली करणाऱ्यांना नोव्हेंबर २०२१ पासून तिथे मनाई आहे. तरीही अनेक राज्यांत अशा जुन्या देण्यापोटी थोडीशी रक्कम भरली तरी मुदत नव्याने मोजली जाऊ शकते, आणि मनाला बोचते म्हणून थोडेफार फेडणारा माणूस पूर्ण रकमेच्या दाव्याला पुन्हा पात्र ठरतो.